फुल स्लीव्ह

धाकट्या भावाने जेवताना जाहीर केलं, "आये, मी फुल स्लीव्ह करून घेतो."

आई म्हणाली, "कर ना. कनच्या टेलरकडं?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने उजवा हात पुढे केला. त्या हातावर चार टॅटू होते, चार वेळी, चार मूडमध्ये काढलेले. मनगटाजवळ 'आई', जत्रेत यंत्राने काढलेलं. वर एक होडी, जिला घरात सगळे चप्पल म्हणत. मग त्रिशूळ आणि दंडावर गरुड. आता ही सगळी चित्रं जोडून खांद्यापासून मनगटापर्यंत एकच नक्षी करायची, शर्टाच्या बाहीसारखी, म्हणून ती स्लीव्ह.

"म्हंजी ठिगलं लावून गोधडी," आई म्हणाली.

"बरोब्बर," तो म्हणाला.

भाऊ दहावीनंतर शिकला नाही. टुरिस्ट गाडी चालवायचा. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. आईने पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकून मला शिकवलं, हे मी कधी विसरलो नाही. तरीही जेवताना ती दोघं असं काही बोलून हसायची, तेव्हा मी ताटाकडे बघत राहायचो. माझ्याशी बोलताना आई सरळ बसायची.

त्या रविवारी आईने मलाही त्याच्याबरोबर पाठवलं. "तू शिकलेला हायस. सुई नवी काढतो का, त्ये बग."

टॅटूवाला एस.टी. स्टँडच्या मागे एका गाळ्यात बसायचा. पूर्वी तो दुकानांचे बोर्ड रंगवत असे. फ्लेक्स आले आणि ब्रश बंद पडला, मग त्याने हे शिकून घेतलं. भाऊ त्याला चाचा म्हणायचा. माझ्यासमोर त्याने नवीन सुईचं पाकीट फोडलं आणि म्हणाला, "साहेब, बघून घ्या, नंतर अम्मीला रिपोर्ट द्यायचा असेल."

मग त्याने भावाचा हात उलटासुलटा करून पाहिला. "ही होडी तू स्वतःला बघायला काढलीस. हात खाली सोडला की उलटी. बुडालेली. त्रिशूळ वेगळ्या हाताचा, गरुड वेगळ्या. नुसता काळा रंग भरून हे जुळणार नाही. मधे असं काहीतरी पाहिजे जे सगळ्यांना ओळखतं."

भावाने मोबाईल काढला. "हे चालेल?"

पडद्यावर एक हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट ठिपक्यांच्या ओळी, तुळस, एक विंचू, बारीक रेघांचं जाळं. चाचा फोटो मोठा करून बघत राहिला. "सुभानअल्ला. कुणाचा हात आहे?"

"आयेचा," भाऊ म्हणाला.

मला तो हात ओळखता आला नव्हता.

चाचाने कागदावर ठिपके मांडायला घेतले. ठिपक्यांची ओळ त्रिशूळाला वळसा घालून होडीखाली गेली. तिथे त्याने जाळं पसरलं, आणि त्यामुळे ती उलटी होडी किनाऱ्यावर पालथी घातल्यासारखी दिसायला लागली. भाऊ प्रत्येक खुणेचं नाव सांगत होता. ही लग्नाआधीची, ही माहेरच्या अंगणातली, ही काढताना आये पळाली म्हणून अर्धीच राहिली. त्याला हे सगळं ठाऊक होतं. पंधरा वर्षं शिकलेल्या मला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅटलॉगकडे बघत उभा राहिलो. मला त्या कागदाचाही राग आला.

आईचा हात मला का ओळखता आला नाही, ते मला माहीत होतं. कॉलेजच्या पदवीदान समारंभाला आई येणार होती. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "लांब बाहीचं पोलकं घाल. हात दिसायला नकोत." तिने कारण विचारलं नाही. शेजारणीकडून लांब बाहीचं पोलकं मागून आणलं, ऐन उकाड्यात घातलं, आणि मी काळ्या झग्यात उभा असताना पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. मी ते विसरून गेलो. तिने मात्र नंतर तशीच पोलकी शिवून घेतली. मला वाटायचं, वय झालं म्हणून.

स्लीव्हचं काम दोन-तीन महिने चाललं. टॅटूच्या एका बैठकीनंतर मी ऑफिसातून लवकर घरी आलो. ओटीवर आई भावाच्या हाताला खोबरेल लावत होती. तिची बाही कोपराच्या वर गुंडाळलेली होती आणि तिचा हात त्याच्या हाताला लावून दोघं ठिपके ताडून बघत होते.

"चाचानं एक ठिपका जास्ती टाकला," आई म्हणत होती.

"व्याज हाय आये!"

मी चपला काढल्या. आईने वर पाहिलं आणि चटकन बाही खाली ओढली. पदर सारखा करावा तितक्या सवयीने.

इतकी वर्षं ती माझ्यापुरतंच हे करत होती. भावाचा मत्सर तर वाटलाच. त्याहून जास्त त्याच्या दहावीच्या मार्कशीटचा वाटला. ती शाळा त्याने सोडली म्हणून त्याला हा हात मिळाला होता.

"आये, असूदे वर," मी म्हणालो.

"तुला नाय आवडत ना."

"मला बघायचा हाय."

गावचं बोलणं मी कॉलेजात असतानाच टाकून दिलं होतं. ते तोंडातून असं आलं म्हणून भाऊसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.  आई म्हणाली, "हपिसातून आलास, आधी हातपाय धू."

मी हातपाय धुऊन आलो तेव्हा बाही पुन्हा वर होती. मी शेजारी बसलो. काय विचारावं तेच कळेना. परीक्षेला बसल्यासारखं मी तुळशीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही तुळस."

"तुलस तर सगल्यांनाच दिसते," आई म्हणाली.

भाऊ हसला. मी बोट मागे घेतलं. तेव्हा त्यानेच मला सोडवलं. "आये, दादाला इंचवाचं सांग ना. तू पळालीस त्ये."

आईने सांगायला सुरुवात केली. गोंदणारी बाई, धरून ठेवणाऱ्या दोन मावश्या, अंगणाचं कुंपण. सगळं ती भावाकडे बघत सांगत होती, आणि ती विसरली की तो आठवण करून देत होता. मला ते आवडत नव्हतं. तरी मी उठलो नाही, कारण तिने हात माझ्या मांडीवर ठेवला होता आणि मी हललो असतो तर तिने तो काढून घेतला असता.