साडूभाऊ आणि मागच्या दोन सायकली

पृथ्वी सूर्याभोवती फिरते यावर आमच्या साडूभाऊंचा पूर्ण विश्वास आहे. फक्त ती कुठं नीट बांधलेली नाही, याची त्यांना मनापासून काळजी वाटते. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार : बांधलेल्या आणि पडणार असलेल्या. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे नाशिकचे, पण माझी त्यांच्याशी ओळख झाली तेव्हाच कतारात चांगले मुरलेले. राहायला अल खोरला, आणि नोकरी उत्तरेकडच्या एका गॅसच्या कारखान्यात, क्रेननं जड यंत्रं उचलायच्या खात्यात. पट्टे नीट आवळलेत का, साखळी कुठं झिजलीय का, हे पाहून साडूभाऊंनी मान हलवल्याशिवाय तिथली क्रेन हलत नसे. माणसाचा उभा जन्म अशा कामात गेला की तो संध्याकाळी घरी येतो, पण त्याचे डोळे कामावरच राहतात.

माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. माझं उपरणं आणि नवरीचा शेला यांची गाठ मारून भटजी जरा मागे सरकले, तोच पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ गर्दीतून पुढं आले, त्यांनी ती गाठ दोन्ही हातांनी करकचून ओढली, वाकून एकदा खालून पाहिली आणि मला म्हणाले, "चला पाहुणे, आता काळजी नाही." भटजींच्या तोंडातला मंत्र तोंडातच राहिला. पुढं मी नोकरीनिमित्त दोह्याला आलो, अल वक्रात घर घेतलं, आणि येणंजाणं वाढल्यावर कळलं की त्या दिवशी आमच्यावर विशेष मेहेरबानी वगैरे झालेली नव्हती. डब्याला रबरी पट्टा, कुकरच्या झाकणाला दोरी, आणि विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या पट्ट्यालासुद्धा "एक्स्क्यूज मी" म्हणून हलकासा हिसडा. एकदा बाजारातून येताना त्यांनी मागच्या सीटवर कलिंगड ठेवलं आणि त्याला सीटबेल्ट लावला. माझी मुलगी मराठी सगळं समजते, पण बोलते इंग्रजीत. ती खिदळत म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ मेलन!" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बाळा, ब्रेक मारल्यावर त्याला कळतं का, आपण कलिंगड आहोत ते?"

त्यांच्या या बांधाबांधीला आयुष्यात एकच माणूस पुरून उरला. तो म्हणजे माझी मेहुणी, आमच्या सगळ्यांची ताई. लहानपणी ताईंच्या घरात एकच सायकल होती आणि ती भावांची होती. पन्नाशी उलटल्यावर एका संध्याकाळी कॉलनीतली पोरं सायकली शिकताना बघत त्या बाकावर बसल्या होत्या, आणि तिथल्या तिथं म्हणाल्या, "अहो, मला शिकायचीय." साडूभाऊंनी नाही म्हटलं नाही. फिकट निळ्या रंगाची, पुढं टोपली असलेली सायकल आणली, स्वतःसाठीही एक काळी घेतली, आणि ताईंच्या कॅरिअरला पट्टा बांधून त्याचं दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. ताई पुढं सायकलवर आणि हे मागं धावताहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटे की बाई घर सोडून निघाल्यात आणि नवरा त्यांना मागं ओढतोय. ताईंचा तोल सावरला, वळणं जमायला लागली, तरी पट्टा काही सुटेना. "अहो, सोडा ना आता!" असं ताई ओरडायच्या. "सोडतो, सोडतो. एवढं वळण जाऊ दे." वळण जायचं, मग गतिरोधक यायचा, गतिरोधक संपला की समोर मांजर दिसायचं. कारण मिळालं नाही असा दिवसच जात नसे.

त्याच सुमारास मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाकडून साडूभाऊंनी जुनी कॅरव्हॅन घेतली. इथं थंडी पडली की निम्मा देश तंबू घेऊन वाळवंटात आणि समुद्रकाठी राहायला जातो. आपणही जावं असं ताईंच्या फार मनात होतं. कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागं ओढायची चाकांवरची एक खोली. आत ओटा, पलंग आणि भिंतभर कपाटं. साडूभाऊ आत शिरले, आणि प्रत्येक कपाटाला, प्रत्येक खणाला कडी आहे हे पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की घासाघीस करायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. पण ताईंनी नवीनच पेच टाकला. "समुद्रकाठी जायचं तर माझी सायकल येणार." दोन्ही सायकली आत ठेवून पाहिल्या तर साखळीचं काळं वंगण गादीला लागलं. टपावर ठेवाव्यात तर उंची फार होई. राहिली मागची बाजू.

त्यानंतर काही आठवडे साडूभाऊ दुसरं काही बोललेच नाहीत. दुकानदारानं एक स्टँड दाखवला आणि मागच्या बंपरला आवळून टाका, नो प्रॉब्लेम, असं सांगितलं. साडूभाऊंनी घरी येऊन बंपरवर टिचकी मारली. "पाहुणे, ऐका आवाज. पापड आहे हा, पापड! ह्याच्यावर मी माझ्या बायकोची सायकल लटकवू?" मग गॅरेजमध्ये नेऊन खालच्या मुख्य लोखंडी सांगाड्यालाच दोन जाड आडवे बार जोडून घेतले आणि त्यांवर स्टँड बसवला. एका शुक्रवारी आम्ही जेवायला गेलो तर ताटातल्या चमच्यावर लिंबाची फोड ठेवून माझा वर्ग सुरू झाला. चमचा म्हणजे कॅरव्हॅन, खालचं बोट म्हणजे चाकं. "हे बघा, मागं वजन टाकलं की पुढचं टोक उचललं जातं. मग गाडीवरचा भार हलका होतो आणि ही बया शेपटी हलवायला लागते. म्हणून मागं सायकली, तर पुढं पाण्याचे कॅन. कळलं का?" मला कळलं होतं, पण फोड आमटीत पडली आणि त्यांनी ती काढून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पेडल काढून ठेवायची, दोन सायकलींमध्ये रबरी नळी घालायची म्हणजे एकमेकींना घासत नाहीत, पुढचं चाक वेगळं बांधायचं, पट्ट्याचं उरलेलं टोकसुद्धा फडफडता कामा नये. शेवटी परीक्षा. सायकल धरून गदागदा हलवायची. "नुसती सायकल हलली तर नापास. सायकलीबरोबर अख्खी कॅरव्हॅन हलली तर पास."

पहिल्या सफरीच्या सकाळी ते दोघं अल खोरहून निघून आमच्याकडे वक्राला आले आणि तिथून आम्ही दक्षिणेकडच्या किनाऱ्याला निघालो. मी, बायको आणि मुलगी मागच्या गाडीत. आमचं काम एकच : सायकलींकडे बघत राहायचं. माझ्या बायकोच्या हातात फोन आणि फोनवर पलीकडे ताई. "ताई, आहेत गं दोन्ही." थोड्या वेळानं पुन्हा, "हो, अजून आहेत." वक्राच्या बाहेर पडतो न पडतो तोच साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली, कारण नवीन बांधलेला पट्टा थोडं अंतर गेल्यावर बसतो, तो पुन्हा आवळावा लागतो. पुढच्या पेट्रोल पंपावर परत. माझी मुलगी म्हणाली, "ॲट धिस रेट वुई विल रीच इन समर."

सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. फक्त एक गोष्ट साडूभाऊंनी शास्त्राबाहेरची केली होती. धूळ बसू नये म्हणून त्यांनी दोन्ही सायकलींवर मिळून जाड कापडाची एक मोठी खोळ चढवली होती. ताई म्हणाल्याही होत्या, "अहो, धूळ बसली तर पुसू की!" पण पत्नीच्या सायकलीला धूळ लागणं त्यांना मंजूर नव्हतं.

वस्ती संपून दोन्ही बाजूंना मोकळं वाळवंट लागलं आणि बाजूनं वारा सुटला. रस्त्यावरून वाळूच्या रेघा सरपटायला लागल्या. ती खोळ शिडासारखी फुगली, त्याच वेळी एक भलामोठा ट्रक त्यांना ओलांडून गेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी खोली डुलायला लागली. आधी थोडी, मग डावीकडून उजवीकडे चांगली झोके घेत. माझ्या बायकोनं "ताई!" अशी किंकाळी फोडली आणि फोन तिच्या हातातून पडला. मी मागून काहीही करू शकत नव्हतो. मला वाटत होतं ते आता ब्रेक मारतील, आणि ब्रेक मारला तर संपलंच, एवढं मला लिंबाच्या फोडीमुळे कळत होतं. त्यांनी ब्रेक मारला नाही. पुढच्या गाडीनं वेग सोडला, स्टिअरिंग जागचं हललं नाही, आणि एकेक झोका लहान होत होत कॅरव्हॅन सरळ झाली. मग अगदी सावकाश, सिग्नल देऊन, ते कडेला थांबले.

मी धावत गेलो. ताई खाली उतरून उभ्या होत्या, आणि साडूभाऊ आतच बसलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "लागलं नाही ना कुणाला?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पाहुणे, सगळं बांधलं आणि वारा विसरलो." मग उतरून त्यांनी ती खोळ काढली, घडी न घालताच गाडीत कोंबली आणि म्हणाले, "खलास. घरी चला. पुन्हा नाही." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. थोड्याच अंतरावर किनाऱ्याकडे जाणारा लहान डांबरी फाटा होता. "समुद्र इथून जवळ आहे. त्या फाट्यापर्यंत हळूहळू जाऊ. तिथं माझी सायकल उतरवा, मी सायकलनं पुढं होते. तुम्ही गाडी घेऊन या."

"एकटी? ह्या वाऱ्यात?"

"वारा पाठीशी आहे. आणि रस्ता रिकामा आहे."

"पट्टा..."

"पट्टा नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही इतकं शिकवलंय ना? मग विश्वास ठेवा की शिकवण्यावर!"

फाट्यावर साडूभाऊंनी सायकल उतरवली, पेडल बसवली, ब्रेक दाबून पाहिले, टायर दाबून पाहिले. ताई पदर खोचून बसल्या आणि निघाल्या. मागून लुकलुकते दिवे लावून कॅरव्हॅन, तिच्यामागं आम्ही, अशी वरात सुरू झाली. साडूभाऊ खिडकीतून ओरडत होते, "ब्रेक! आधी मागचा! उजवीकडे नको!" पण वारा खरोखरच पाठीशी होता. ताई लहान लहान होत गेल्या, त्यांची साडी एखाद्या ठिपक्याएवढी दिसली, आणि पुढच्या वळणावर ठिपकाही गेला. कॅरव्हॅन ओढणाऱ्या माणसाला वेग वाढवता येत नव्हता.

किनाऱ्यावर पोचलो तर ताई कुठं दिसेनात. साडूभाऊ वाळूत उभे राहून "अगं ए!" अशी हाक घालत होते आणि वारा ती हाक समुद्रात नेऊन टाकत होता. तेवढ्यात माझ्या मुलीनं बोट दाखवलं. एका कतारी कुटुंबाच्या मोठ्या तंबूला निळी सायकल टेकून उभी होती. साडूभाऊ धावत सुटले. तंबूच्या दाराशी पोचले, आणि, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आधी खिशातून दोरी काढून त्यांनी ती सायकल तंबूच्या खुंटीला बांधली. आतून ताईंचा आवाज आला, "अहो, बायको आत आहे!"

आत ताई एका वयस्कर कतारी आजींच्या शेजारी गालिच्यावर बसून खजूर खात होत्या. साडीतली एक बाई वाऱ्यासारखी सायकलवरून आली, हे पाहून आजींनी टाळ्या वाजवून त्यांना आत बोलावलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि गप्पा जोरात चालल्या होत्या. साडूभाऊ दारातच थबकले. ताई त्यांना म्हणाल्या, "एकदाही पाय टेकला नाही हो." साडूभाऊ तिथंच वाळूत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. आजींनी त्यांच्यासमोर कॉफीचा कप धरला. "शुक्रन," ते म्हणाले, आणि दुसरा कप प्यायल्यावर ताईंना म्हणाले, "परत जाताना मीच मागं सायकलवर असेन, तू गाडी चालव."

"मला गाडी येते कुठं?"

"शिकवतो ना," साडूभाऊ म्हणाले. ताईंनी कपाळावर हात मारला.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत आम्ही कितीतरी वेळा गेलो. खोळ पुन्हा चढली नाही. किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून ताई लांब जायच्या आणि साडूभाऊ काळ्या सायकलवरून, बरंच अंतर ठेवून, मागं मागं जायचे. मग त्यांची निवृत्ती आली. इथं नोकरी संपली की मुक्कामही संपतो. त्यात नवल काही नाही, आपण सगळे इथं तसेच आलेलो असतो. कॅरव्हॅन एका तरुण जोडप्याला दिली, सायकलीही त्यांच्याबरोबरच गेल्या. विमानतळावर साडूभाऊंनी मला मिठी मारली आणि पहिल्यांदाच पाहुणे न म्हणता नुसतं म्हणाले, "येत जा रे नाशिकला."

आता ताईंनी तिकडं नवीन सायकल घेतली आहे. फोनवर त्या सांगतात की गंगापूर रोडला सकाळी गर्दी फार. साडूभाऊ फोन घेतात, दोन वाक्यं बोलतात आणि परत देतात. फोनवर बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. थंडीतल्या शुक्रवारी आम्ही अजूनही त्या किनाऱ्याला जातो. समोरचा रस्ता आता लांबपर्यंत मोकळा दिसतो. मागून गाड्या येतात, हॉर्न वाजवतात, पुढं निघून जातात, आणि घाई कसलीच नसल्यामुळे म्हणा किंवा सवयीनं म्हणा, मी आपला हळूच चालवतो.