गावाला गेलेली डच कॅसेट

दोह्यात बंदरातला गाळ काढणाऱ्या एका डच कंपनीत मी स्टोअरकीपर होतो. हेड स्टोअरकीपरची जागा निघाली. तिच्याबरोबर फॅमिली क्वार्टर होतं, म्हणजे सात वर्षं गावाकडे एकटी राहिलेली बायको इथे येणार. अट एकच, डच आली पाहिजे. परीक्षा तोंडी, आणि विषय काय, तर स्वतःची एखादी जुनी आठवण! बोल्टची यादी विचारली असती तर एका दमात म्हणून दाखवली असती.

ही भाषा आहे की छळ, कोण जाणे. बाई असली की 'जी'साठी 'दी', मुलगी असली की 'दात'. प्रत्येक क्रियापदाला वेगळं शेपूट: आठवण काढली की 'आन', प्रेम केलं की 'फान', वाट पाहिली की 'ऑप'. का, म्हणून विचारलं तर मला शिकवणारे डच साहेब नुसते खांदे उडवायचे. त्यातही 'जिची वाट पाहिली' म्हणताना ती बाई असली तर 'ऑप वी' आणि एसटी असली तर 'वारऑप'. माझ्या आठवणीत नेमकी दोन्ही होती. लग्नानंतर बायको माहेरहून परत येणार म्हणून मी स्टँडवर उभा होतो आणि दोन गाड्या रिकाम्याच गेल्या होत्या.

दर शुक्रवारी सुट्टीला दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या आमच्या खोलीत मी ही आठवण कॅसेटवर बोलून घोटायचो. खोलीतला रत्नागिरीचा वेल्डर ओरडायचा, "अरे बाबा, खलास कर आता!" तो रजेवर निघाला. तेव्हा आम्ही घरी पत्राऐवजी कॅसेटच पाठवायचो. तिकडे पोस्टात टाकायला मी त्याच्याकडे एक दिली आणि घाईत नेमकी डचची दिली. 'मी बरा आहे, कौलं शाकारून घ्या' ही माझ्याकडेच राहिली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

महिन्याने बायकोची कॅसेट आली.

"तुमची कॅशेट मिळाली. एक अक्षर कळलं न्हाई. पर तुमी मदीच हसला, मग गळा दाटला तुमचा. आमच्याशी कवा बोलता का असं? कोन हाय ती, जिच्याशी येवडं बोलाया सुचतंय?"

तिसऱ्या गाडीतून बोचकं घेऊन उतरली आणि मला बघून रडता रडता हसली, ती हीच बाई. हे मी साहेबांना दहा वेळा सांगितलं होतं. तिला एकदाही नाही.

मी कोरी कॅसेट घातली. 'स्टँडवर तुझी वाट पाहत होतो', एवढंच म्हणायचं होतं. 'मी बरा आहे' म्हणालो आणि अडलो. पुसून पुन्हा सुरू केली, तर पुन्हा तेच. डच त्याहून सोपी होती.