कुप्याच्या मणक्यांचे सहा डबे

जगू वारला त्याच्या आदल्या दिवशी मी मिरजेच्या दवाखान्यात त्याच्याजवळ बसलो होतो. काविळीनं डोळे पिवळेजर्द झालेले, आणि बोलणं मात्र कुप्याचं, त्या दूरवर भटकणाऱ्या समुद्री माशाचं. ‘घरी माझे डबे आहेत ते सांभाळ. ऑफिसातल्या माणसाच्याच हातात दे,’ म्हणाला. मी हो म्हणालो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणे. जगूबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच... माझ्याबद्दल आहे.

सांगलीत आम्ही दोघं एकाच बाकावर प्राणिशास्त्र शिकलो. मी मास्तर झालो आणि फळ्यावर बेडूक काढत बसलो. तो उंब्रजच्या ऊसवाल्या घरातला, कृष्णेपलीकडचं पाणी न पाहिलेला. पण बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी कोकणात मासळी संशोधनाच्या नोकरीला लागला. घर माळकरी. आईला त्यानं सांगितलं, ‘सरकारी काम हाय, समुद्रावर मोजमापं घ्यायची.’ अगदीच खोटं नव्हतं ते. बंदरावर तो कुप्यांची लांबी मोजायचा, आणि मग चिरून त्यांचे मणके काढायचा. सुट्टीत आला की माझ्या खोलीत तासन्‌तास तेच. कुपा थांबत नाही, गड्या. थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहत नाही आणि जीव गुदमरतो. अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम. आज आपल्या किनाऱ्याला, मग मिनिकॉय बेटाकडे, तिथून पार आफ्रिकेपर्यंत जातो की काय, कुणाला ठाऊक! जगूला तेच शोधायचं होतं. झाडाच्या खोडासारखी मणक्यावर वलयं असतात, त्यांवरून वय कळतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या बंदरात, केवढा कुपा सापडला हे जुळवत गेलं तर त्याची वाट कळेल, असं तो म्हणायचा. बिस्किटांच्या सहा पत्र्याच्या डब्यांत त्याची सहा वर्षं होती. एकेक मणका त्याच्या माहितीच्या चिठ्ठीत गुंडाळलेला. दुसरी नक्कल नाही.

तिसऱ्या दिवशी मी उंब्रजला गेलो. आजारी होऊन येताना जगूनं डब्यांची ट्रंक बरोबर आणली होती, आणि थोरल्या भावानं, तात्यांनी, डबे उघडून ठेवले होते. ‘आवं मास्तर, ही हाडं कसली? असलं काय घरात ठेवत्यात व्हय?’ सोप्यात सगळी भावकी, गळ्यात तुळशीच्या माळा. कोपऱ्यात आई. खरं सांगायचं तर तिचा मुलगा मासे चिरत होता हे चारचौघांत बोलावं लागणार होतं. मी गप्प बसलो. ‘कुण्या मुक्या जिवाची असतील, त्येलाबी गती मिळू दे,’ म्हणत तात्यांनी जगूच्या अस्थींमागोमाग सहाही डबे कृष्णेत रिकामे केले. तात्या भाबडेपणानं वागले, मी भित्रेपणानं. चिठ्ठ्या थोडा वेळ तरंगल्या, त्या मी काठावर उभं राहून पाहिल्या.

परवा ऑफिसचं पत्र आलं. डब्यांची चौकशी होती. ते मिळाले नाहीत तर नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करणार. ते घेऊन मी उंब्रजला गेलो, खरं म्हणजे तात्यांवर राग काढायला. तात्या मळ्यात होते, घरात आई एकटीच. पत्र वाचून दाखवायचा धीर होईना. तिनंच विचारलं, ‘कुप्याचं हाय व्हय?’

हातातलं पत्र मी खाली ठेवलं.

‘तापात सारकं त्येच नाव घ्यायचा. आन्‌ लेकाची कापडं मीच धूत हुते न्हवं? त्यो वास काय साबणानं जातोय? त्यानं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई.’ खुंटीवरच्या सदऱ्याकडे तिनं हात केला. ‘त्यो येक तेवढा धुतला न्हाई.’

‘मग आई, त्या दिवशी तात्यांना अडवलं का नाहीत?’

‘मी अडाणी बाई, मास्तर. तुमी त्येच्या बरुबर शिकल्यालं. तुमीच काय बोलला न्हाईसा... तवा मला वाटलं, डब्यात काय कामाचं नसंल.’