चार वाजताचा फोन

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही समजवायला जाणं म्हणजे स्वतःचं डोकं उठवून घेणं. लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी दिवसभर यंत्रांचं वायरिंग बघतो. पण इंदापूरच्या घरात पाऊल टाकलं की मला त्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत.

आमच्याकडे कॉर्डलेस फोन आहे: टेबलावर वायरी जोडलेला स्टँड आणि घरभर घेऊन फिरायचा बिनवायरीचा रिसीव्हर. त्यावर फोन येतो तो एकाच माणसाचा, भिगवणच्या आत्याचा. नजर गेल्यापासून तिला मोबाईल जमत नाही. घरच्या लँडलाइनची बटणं चाचपत ती दाबते, आणि पाठ आहे तो आमचाच नंबर. रोज दुपारी चारला. त्या आठवड्यात सलग तीन दिवस फोन वाजलाच नाही. रिसीव्हरवर नुसतं ‘सर्चिंग’.

“शेजारच्यांनीबी असलाच आणलाय. त्यो आपल्यात घुसतोय,” आबांनी निकाल दिला.

मी म्हणालो, “आबा, हे डिजिटल असतात. रिसीव्हरची आणि स्टँडची एकदा ओळख पटली की ते तिसऱ्याचं ऐकत नाहीत. हवेतल्या कुठल्या वाटेवर गर्दी आहे ते स्वतःच बघतात आणि बोलता बोलता वाट बदलतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.”

आबांनी शांतपणे मान हलवली. “मग मिक्सरनं व्हत असंल.”

मी कपाळावर हात मारून घेतला. बरं, माझ्या मोबाईलवरून आत्याला लावून देतो म्हटलं, तर तेही नको. “आक्काच करंल. तिचा फोन हितंच येतो.”

रोज दमून आल्यावर मी रिसीव्हरच खोलत बसायचो. सुट्टीच्या दिवशी स्टँड बघायला गेलो, तर टेबल रिकामं. त्याच्या दोन्ही वायरी आबांच्या खोलीत गेलेल्या आणि तिथल्या लोखंडी कपाटाच्या पाठीतल्या भोकात शिरलेल्या. भोक नवंकोरं, फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून पाडलेलं. कपाटाला कुलूप, किल्ली आबांच्या करदोट्याला.

माझा तोल सुटला. “लोखंडात कोंडल्यावर रिसीव्हरला तो सापडेल कसा? आत्याचा फोन तुम्हीच अडवलाय! कुलपात ठेवायला तो काय दागिना आहे?”

आबा करदोट्याची किल्ली सोडू लागले. “तूच म्हणला व्हतास, म्हैनाभरात हे डबडं काढून टाकू. म्हणलं, कुलपात ऱ्हायलं तर न्हाय निघायचं.”

जेवता जेवता बोललो होतो खरा. मी विसरूनही गेलो होतो.

स्टँड परत टेबलावर ठेवला. चारला फोन वाजला. आबांनी स्पीकर लावला.

“आरं, तीन दिस नुसती रिंग वाजती, कुणी उचलंना,” आत्या म्हणाली. “मला वाटलं, नंबर बंद केला तुमी. आता कुणाला फोन करू, म्हणून नुसती बसून व्हते.”

आबांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला.

“तूच सांग तिला.”