डोणीतली गिटार

आमच्या वडिलांनी थोरल्या भावाची गिटार गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत बुचकळली आणि राखेनं घासली, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. संग्रामपुरात काही लोक अजून आबांना दोष देतात. तो निखालस अन्याय आहे, आणि अन्याय दिसला की मला गप्प बसवत नाही. (सगळं घडलं ते याच खोडीपायी!)

त्या काळी मी पत्रकं काढायचो. राज्य नवं होतं, माझ्या मिशा त्याहून नव्या होत्या, आणि दोघांकडूनही मला फार अपेक्षा होत्या. खामगावच्या छापखान्यात जाऊन पिवळ्या, गुलाबी, मिळेल त्या कागदावर मी छापून आणायचो: 'पाणवठ्याला पायऱ्या का नाहीत?' 'वाचनालयाचे कुलूप कोणाच्या खिशात?' प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठळक टाइपात माझी कायमची आरोळी असे: 'वाचा! विचार करा! कृती करा!' बाजाराच्या दिवशी मी ही पत्रकं वाटायचो. लोक आदरानं घ्यायचे आणि त्यात मिरच्या बांधून न्यायचे.

नामदेवभाऊची तऱ्हा वेगळी. आमची वांग्या-कांद्याची वाडी. भाऊ वाफ्यात पाणी सोडायचा, पण कान ग्रामपंचायतीच्या रेडिओकडे. त्या रेडिओवर कधीमधी हवायन गिटार लागे. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवतात. कलकत्त्याचा कोणी वादक होता, त्याचं वादन लागलं की भाऊ फावडं टाकून पळत सुटायचा.

"सूर कसा ओढते पाह्य! जशी म्हैस पान्हावली!" भाऊ म्हणायचा. आमच्याकडे यापेक्षा मोठी दाद नाही.

"तो राहू दे बे," त्याचा जिवलग दोस्त गुलाब म्हणायचा. "त्याच्या मांगं जाड तारेवर घुम्म-घुम्म करते तो कोन हाये? त्याचं नाव काऊन नाही सांगत?"

खरंच सांगत नसत! पुढच्याचं नाव दोनदा, मागच्याचं एकदाही नाही! मी त्यावर रेडिओला तीन पोस्टकार्डं टाकली. उत्तर आलं नाही. गुलाबनं मात्र कार्ड न टाकता कृती केली. चहाचं रिकामं लाकडी खोकं उपडं घातलं, त्याला झाडूचा दांडा लावला आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीची जुनी तांत, म्हणजे आतड्याची जाड तार, ओढून बांधली. ती छेडली की शेजारच्या छपराच्या कवेलूंवरच्या चिमण्या उडायच्या.

आणि भाऊनं? भाऊनं शेगावच्या एका रेल्वेबाबूला आपली सायकल देऊन त्याची गिटार आणली!

आबांनी ती मांडीवरची गिटार आणि ती फिरणारी कांडी घटकाभर पाहिली. "पोया लाटून राह्यला का बे नाम्या? चांगली सायकल देऊन खेळनं आनलं!"

खेळणं! हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. भाऊ बोलणाऱ्यांतला नव्हता. पण मी कशाला आहे? आठ दिवसांत पत्रक छापून आणलं: 'वाद्य हे खेळणे नव्हे, अवजार आहे! जसा शेतकऱ्याचा नांगर, तशी वादकाची गिटार! नांगराला जो मान, तोच मान गिटारीला मिळालाच पाहिजे!!' पहिली प्रत आबांच्या हातात दिली. चौथीपर्यंत शिकलेले आबा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेले, मग घडी घालून त्यांनी ती टोपीत ठेवली. मिरच्या बांधल्या नाहीत! माझा ऊर भरून आला.

त्याच सुमारास खामगावच्या एका ऑर्केस्ट्राच्या मास्तरांचा निरोप आला. त्यांना गिटारवाला हवा होता. खंडेनवमीला दुपारी एकच्या मोटारीनं येतो, ऐकतो, आणि तीच मोटार परत फिरली की जातो. आबांनी निवाडा देऊन टाकला: "निवडलं तं जाय. नाही निवडलं तं सायकल वापस आन, आन् खुरपं धर. पुन्हा गिटारीचं नाव काढू नको."

म्हणजे भाऊच्या सगळ्या जन्माचा फैसला मोटार उभी राहील तेवढ्या वेळात व्हायचा होता.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे या दिवशी घरातली सगळी अवजारं डोणीत धुवायची, राखेनं घासायची, उन्हात वाळवायची, हळदकुंकू लावून ओळीनं मांडायची. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. भाऊ आणि गुलाब सकाळीच केस कापायला गेले. मी ओसरीत मास्तरांच्या स्वागताचं भाषण पेन्सिलीनं खरडत बसलो होतो. अंगणातून आबांचा आवाज आला.

"शेष्या, ते तुह्यं अवजाराचं लिहेल खरंच ना बे?"

"सोळा आणे खरं!" मी मान वर न करता ओरडलो.

"मंग साऱ्याइले सारखाच मान द्यायचा ना?"

"दिलाच पाहिजे!"

माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या नम्रपणे तत्त्वाचा प्रश्न विचारला नव्हता. मी खूश होऊन भाषणात आणखी एक उद्गारचिन्ह टाकलं.

तासाभरानं अंगणातून 'टक्' असा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. मग पुन्हा 'टक्!' मग 'टक्-टक्-कर्र!' मी बाहेर आलो.

उन्हात ओळ मांडलेली होती. नांगर, वखर, कुऱ्हाड, विळे, आणि शेवटी गिटार. गळ्यात झेंडूची माळ, कपाळी (म्हणजे जिथं कपाळ असावं असं आबांना वाटलं तिथं) कुंकू. अंगातून पाणी निथळत होतं. सरसानं चिकटवलेली ती नाजूक फळी-फळी उन्हात उकलत होती. माझ्यादेखत पाठीचं लाकूड सुटलं आणि भाकर ताटात पडावी तसं जमिनीवर पडलं.

"आबा! हे काय केलं?"

"धुतली. तिच्या पोटात शेगावची लई धूय होती. अर्धा घंटा भिजत घातली, तवा निघाली."

"आबा, ती लाकडाची असते!"

"नांगर कायचा असते?" आबा शांतपणे म्हणाले. "तो बी त्याच डोनीत होता. त्याले काई झालं?"

मी नांगर वाकून पाहिला, तो ठणठणीत होता.

तेवढ्यात फाटकातून भाऊ आणि गुलाब आले. भाऊच्या केसांना तेल, अंगात धुतलेला सदरा. त्यानं ओळ पाहिली. माळ पाहिली. मग खाली बसून पडलेली फळी उचलली, तिच्यावरची हळद अंगठ्यानं पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

"काऊन बे," गुलाब कुजबुजला, "इले कोन आंघोय घातली?"

माय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "म्या म्हनलं होतं त्याइले, वल्ल्या फडक्यानं पुसा. तं मले म्हनते, शेष्यानं लेखी देल्लं हाये."

आणि गावाबाहेरून मोटारीचा भोंगा वाजला.

गुलाब भानावर आला. तो पळत गेला आणि आपलं चहाचं खोकं डोक्यावर घेऊन आला. दांडा आणि तांत त्यानं दातओठ खात उपटून काढली, स्वतःच्या हातानं! "नाम्या, पुढची फळी आन् दांडी अजून एकमेकाले धरून हाये. तारा हायेत. पोट तेवढं गेलं. माह्या खोक्याचं पोट लाव!"

भाऊनं हात पुढे केला.

"हात नको लावू!" आबा कडाडले. "पूजा झाली. पुजलेलं अवजार आज उचलत नसतेत."

"आबा, मास्तर येऊन राह्यले!" मी रडकुंडीला आलो.

"येऊ दे. जेवू घालू. पन आज मी नांगर उचलू काय?"

"नाही."

"कुऱ्हाड?"

"नाही, पन..."

"मंग गिटार काऊन उचलू देऊ?" आबांनी टोपी काढली. टोपीतून माझं पत्रक निघालं. घामानं मऊ झालेलं, घडीवर फाटत आलेलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "नांगराला जो मान, तोच मान गिटारीला मिळालाच पाहिजे. आन् म्होरं दोन काड्या हायेत."

"आबा, ते... जोर द्यायले तसं लिहावं लागते."

"म्हंजे खोटं हाये?"

"खोटं नाही..."

"मंग खरं हाये. मंग हात नको लावू."

वाचकहो, मी तहसीलदारापुढे माघार घेतलेली नाही. सरपंचापुढे नाही. छापखान्याच्या मालकानं तीन उद्गारचिन्हांऐवजी एक टाकतो म्हटलं, तेव्हासुद्धा नाही! पण भाऊचे हात गिटारीपासून वीतभर अंतरावर थांबले होते, आणि रस्त्यावर कोणी "नामदेवचं घर कोणतं हो?" असं विचारत होतं.

"अवजार नाही," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल. मायले ऐकू जाऊ दे."

"गिटार अवजार नाही!"

"मंग काय हाये?"

मी डोळे मिटले. "खेळनं हाये, आबा! निस्तं खेळनं हाये!"

"कोण म्हणतं खेळणं?"

डोळे उघडले. फाटकात काळा कोट घातलेले, छत्री काखेत मारलेले एक उंच गृहस्थ उभे होते. "याच खेळण्यापायी मी घर सोडलं," ऑर्केस्ट्राचे मास्तर थंड आवाजात म्हणाले. "आपण कोण?"

स्वागताचं भाषण माझ्या हातात होतं. ते मी पाठीमागे लपवलं.

"खेळनं असंल तं खेळू द्या त्याले," आबांनी पत्रक टोपीत ठेवत परवानगी दिली. शब्दाचे पक्के!

मास्तरांना खाटेवर बसवलं. भाऊनं गिटारीचा उरलेला अर्धा देह खोक्यावर ठेवला. पण बांधायचा कशानं? कासरे, दोरखंड, सगळं पूजेत! खेळणं म्हणून फक्त एकटी गिटार जाहीर झाली होती. गुलाबनं एका बाजूनं धरली. ती दुसऱ्या बाजूनं वर उठली. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी आबाच पुढे आले, खोकं गुडघ्यांत दाबलं आणि नांगराचा रुमणा धरावा तशी गिटार दोन्ही हातांनी दाबून धरली.

"वाजव!"

भाऊ सूर जुळवायला लागला आणि एक तार तुटून आबांच्या गालावर सपकन लागली. आबा हलले नाहीत. उरलेल्या तारांवर भाऊनं कांडी टेकवली.

त्यानं काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी श्वास रोखून फक्त 'टक्' ऐकत होतो. एक टक् झालं. बाजूची पट्टी सुटली. आबांनी ती कोपरानं दाबली. दुसरं टक् झालं. आबांनी हनुवटी टेकवली. माळेतला झेंडू गळून कांडीपुढे आला, भाऊनं तो फुंकरीनं उडवला आणि सूर तुटू दिला नाही. खालचं खोकं असं घुमत होतं की कवेलूंवरच्या चिमण्या उडाल्या. शेवटचा सूर त्यानं ओढत ओढत नेला, मायच्या हातातला चहा निवेपर्यंत.

गिटारीतून एक थेंब टपकला.

"कोणाकडे शिकलास?" मास्तरांनी विचारलं.

"रेडिओकडे."

"ओली गिटार वाजवणारा मी पहिल्यांदा पाहिला." मास्तर उठले. "कोरडी माझ्याकडे आहे. दिवाळी झाली की ये. आणि हे खोकं कोणाचं?"

"माह्यं," गुलाब कसाबसा म्हणाला.

"तेही आण. मालकासकट."

भोंगा वाजला. मास्तर आबांना म्हणाले, "आता सोडलीत तरी चालेल."

पण आबांनी सोडली नाही. गालावर तारेचा लाल वळ, हनुवटीला हळद, गुडघ्यांत खोकं. ते भाऊकडे न पाहता म्हणाले, "आखीन एक वाजव ना बे नाम्या. मोटर उभीच हाये अजून."

दिवाळीनंतर दोघं खामगावला गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझं काय झालं, हे कोणी विचारत नाही. त्याच दिवशी दिवेलागणीला मी तावातावानं खुलासा लिहायला बसलो: 'गिटार: अवजार की खेळणे?' खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला तर पेन नाही. पेन ओळीत होता, गिटारीपायी मला दिसलाच नव्हता. कुऱ्हाड आणि विळ्याच्या मध्ये, उघडा, धुतलेला, निबाला कुंकू. त्याच्याशेजारी माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा भिजून विटेसारखा घट्ट झालेला.

"लेखनी बी अवजारच ना?" आबा म्हणाले. "तुह्या पत्रकात सातव्या ओळीत हाये. उद्या सकायपरेंत हात नको लावू."

सबंध जिल्ह्यात मला एकच वाचक असा मिळाला, ज्यानं माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, विचार केला आणि कृती केली. तेव्हापासून माझ्या पत्रकांच्या तळाशी नुसतं 'वाचा' एवढंच असतं. पुढे काडीसुद्धा नाही.