'गँवार'वरचं माझं मत

"मॅडम, एवढंच सांगा, गँवार ही शिवी आहे का?"

फोनवर गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंग संस्थेचे डायरेक्टर होते. मी त्याच शहरात, झालान्यातल्या ऑफिसात हिंदी शब्दकोशाचं काम करते. मूळची अमरावतीची, इथे हिंदी मुलखात येऊन वीस वर्षं झाली. आमच्याकडे शब्दांच्या कुंडल्या तयार असतात, असं लोकांना वाटतं. वैताग नुसता!

त्यांच्याकडे सुनीता नावाची फिजिक्सची टीचर होती, खेड्यातून आलेली. भर मीटिंगमध्ये तिच्या विषयाचे हेड तिला म्हणाले, "गँवार ही रहोगी!" त्यांनी लेखी माफी मागावी, नाहीतर मी नोकरी सोडते, असं तिनं कळवलं. कमिटी बसली. कमिटीला एक्स्पर्टचं मत हवं होतं.

मी सवयीनं कोशातल्यासारखी नोंद लिहून पाठवली. आमच्यात आधी व्युत्पत्ती, म्हणजे शब्द कुठून आला ते. 'ग्राम'वरून गँवार, गावात राहणारा. मग आजचा अर्थ, अडाणी, असभ्य. सगळ्यात शेवटी वापराची खूण, 'तु.' म्हणजे तुच्छतादर्शक, समोरच्याला कमी लेखणारा. जागा वाचवायला आम्ही कोशवाले खुणा अशा छाटून लिहितो.

आठवड्यानं निकाल कळला. शब्दाचा मूळ अर्थ 'गावात राहणारा', सबब अपमान झालेला नाही. खाली माझं नाव!

मी फोन केला. "अहो, पुढचं वाचलं नाही का? शेवटचं 'तु.'?"

"वो? हमें लगा टायपिंग मिस्टेक है, मॅडम."

डोक्याला हात लावला. त्याच दिवशी सगळं सविस्तर लिहून पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, प्रकरण क्लोज झालं आहे.

दोन दिवसांनी सुनीता स्वतः ऑफिसात आली. राजीनामा देऊनच आली होती. मी पाणी दिलं, माझी चूक सांगितली, दुसरं पत्र दाखवलं. तिनं ते शांतपणे वाचलं.

"मैं गाँव की हूँ, ये तो मुझे पता था, मॅडम," ती म्हणाली. "इसके लिए आपसे पूछना था क्या?"

लाज वाटली, फार.

आता मी खूण पहिल्या ओळीत लिहिते, न छाटता. आणि कुणी शब्दाचं मूळ विचारायला फोन केला, की आधी विचारते, "कुणाला म्हणालात?"