चौथा म्हणून दिलेला खडा

भुताखेतांचं मी आजवर काही वाचलेलंही नाही. कंटेनर यार्डात बावीस वर्षं सुपरवायझर आहे. समोर असेल ते मोजायचं आणि नोंदवायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. यात घाबरण्यासारखं काही नाही. लिहायला दोन वर्षं लागली, कारण यात चूक माझी आहे... आणि ती मी अजून घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही.

आम्ही मूळचे पनवेलजवळचेच. आमचं गाव विमानतळासाठी उठलं आणि आम्ही करंजाड्यात फ्लॅटमध्ये आलो. घरात मी, पत्नी माधवी, मुलगी श्रुती आणि माझी आई. श्रुती तेव्हा नववीत होती, आई बाहत्तर वर्षांची. गावातलं घर पाडलं त्या दिवशी आईने अंगणातला एक काळा, गुळगुळीत खडा उचलून आणला होता. तो बाल्कनीत तुळशीच्या कुंडीत असायचा.

आईची एकच इच्छा होती. ती सगळ्यांना सांगायची, "माजी चूल होती तिथं आता विमान उभं रानार. एकदा त्यात बसले म्हंजे झाला." त्यासाठी तिने पासपोर्टही काढून घेतला होता. एकवीरा आईच्या फोटोमागे, प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बँकॉकला जायचं ठरवलं. आमच्या घरातली पहिलीच परदेशवारी. चौघांचंच ठरलं होतं. मग ऑफिसमधला एकजण म्हणाला, "तिथे आपल्यापेक्षा जास्त ऊन असतं, दिवसभर चालायचं असतं. म्हातारं माणूस नेलंस तर तू हॉटेलातच बसशील." ते माझ्या डोक्यात बसलं. घरी येऊन मी आईला सांगितलं, "डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, बीपी आहे, विमानात बसवू नका."

मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

आई कोथिंबीर निवडत होती. थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "डाक्टर बोलला ना, मंग नको." उठली, फोटोमागून पासपोर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. "कपाटात ठेव. इथं उगा धूल बसते." माधवीलाही मी डॉक्टरांचंच सांगितलं. ती हळहळली. तिला खरं वाटलं.

निघायच्या दिवशी माझी बहीण सुनीता कामोठ्याहून आईसोबत राहायला आली. बॅगा लिफ्टपाशी गेल्या, आणि आईने मला हाक मारली.

"सदा, थांब. तिघांनी घर सोडू नये."

आमच्याकडे ही पद्धत आहे, बऱ्याच घरांत असेल. तिघं निघाले तर चौथा म्हणून सोबत एक खडा घ्यायचा. आईने तुळशीतला तो काळा खडा धुतला, पदराने पुसला, त्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकला.

श्रुती म्हणाली, "आजी, ह्याचं तिकीट काढलंय का?"

"त्याला कशाला तिकीट? त्यो कुनाच्या पन मांडीवर बसल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चौघा जाताव, चौघा या."

मी मान डोलावली. कॅबवाला खाली हॉर्न वाजवत होता.

तिथे आम्हाला एक व्हॅन आणि नोई नावाची गाइड मिळाली. पन्नाशीची, गोल टोपी घातलेली, हसरी बाई. ती मोडकं इंग्रजी बोलायची. तिचं बोलणं मी मराठीतच सांगतो. पहिल्या सकाळी तिने पाण्याच्या बाटल्या वाटल्या. चार. मी एक परत केली, तर तिने ती माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली. मला वाटलं, जास्तीची दिली असेल.

श्रुती मात्र दोनदा म्हणाली, "बाबा, मला सारखा आजीचा वास येतोय. बाम आणि मशेरीचा." माधवी म्हणाली, "तुझ्या बॅगेत आजीचा टॉवेल आलाय, त्याचा असेल." टॉवेल खरंच आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवरच्या बोटीत बसलो. धक्क्यावर एक बाई लोकांना हात देऊन चढवत होती. तिने माधवीला चढवलं, श्रुतीला, मग मला. आणि माझ्यामागे परत हात पुढे केला. मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती बाई वाकून, हात तसाच धरून उभी होती... गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढवताना आपण जसे थांबतो, तशी. मग तिने हात सोडला, हसली आणि दोर सोडायला गेली.

मी हे बायकोला सांगितलं नाही. खिशातला खडा उगाचच जड वाटायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या बाजारात गेलो. ऊन असं, की डांबर बुटाला चिकटत होतं. माधवी आणि श्रुती पुढे दुकानांत घुसल्या. नोई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, जरा रागानेच म्हणाली, "तुमच्या आईंना एवढ्या उन्हात का चालवता? त्या काही बोलत नाहीत म्हणून?"

मी म्हटलं, "आई घरी आहे. भारतात."

तिने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. टोपी काढून वारा घेत व्हॅनकडे गेली.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. राग आला. ज्या उन्हाच्या धास्तीने आईला मागे ठेवलं, तेच ऊन ही परकी बाई मला ऐकवत होती. कोपऱ्यावर एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, पायाशी झेंडूच्या माळा आणि लाल सरबताच्या बाटल्या, त्यांत स्ट्रॉ खोचलेले. मी खडा काढला आणि मुळाशी ठेवून दिला. मनात म्हटलं, देवाचीच जागा आहे, काय बिघडतंय. घड्याळात सव्वादोन झाले होते. म्हणजे आपल्याकडे पाऊण.

व्हॅनपाशी आलो तर नोई ड्रायव्हरला गाडी सुरू करू देईना. ती बाजाराच्या तोंडाशी जाऊन माणसांत टाचा उंचावून बघत होती. परत आली, यादी काढली. यादीत तीनच नावं. ती यादी तिने दोनदा वाचली.

माधवीने विचारलं, "कोणाला शोधतेय ती?"

"दुसऱ्या ग्रुपमधलं कोणी असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात सुनीताचा फोन आला. "दादा, आईला काय झालंय कळत नाही रे. जेवता जेवता ताटावरून उठली आणि इकडेतिकडे बघायला लागली. म्हणते, सगली पुढं गेली, मना कोन दिसत नाय. मी समोर उभी आहे, तर मलाच विचारते, बाय, माजी मानसा बगितलीस का?"

"बीपी बघितलंस?"

"बघितलं. नॉर्मल आहे. सारखं एका झाडाचं बोलते. झाडाला लुगडी नेसवलीत म्हणे, त्याच्याखाली बसलेय. कसलं झाड, दादा?"

मी फोन तसाच माधवीच्या हातात दिला आणि पळत सुटलो.

झाडापाशी एक झाडूवाली पाइपने जागा धुवत होती. जुन्या माळा, बाटल्या सगळं उचललं होतं. खडा नव्हता. मी खुणा केल्या, तिने ओले हात झटकून दाखवले. तासभर मी त्या ओल्या फरशीवर गुडघ्यांवर शोधत होतो. लोक वळसा घालून जात होते. माधवी मागे येऊन उभी राहिली, तेव्हा मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, खड्याची आणि डॉक्टरांची.

ती म्हणाली, "खड्याचं राहू दे. डॉक्टरांचं खरं सांगताय?"

मी हो म्हटलं. पनवेलपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आणि मी आणखी एक काम केलं. हॉटेलच्या बागेतून तसाच एक काळा खडा उचलला. घरी आल्यावर तो आईच्या हातावर ठेवला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ह्यो आपला नाय." मग मला म्हणाली, "बसा पाव्हनं. माजा पोरगा येल इतक्यात."

पुढचे दहा महिने ती तशीच होती. जेवायची, झोपायची, तुळशीला पाणी घालायची. पण सकाळी चांगलं लुगडं नेसून, कमरेला बटवा लावून बाल्कनीत बसायची. विचारलं तर सांगायची, "चुकामूक झाली. मी हितंच बसते. हाललं की मंग गावत नाय मानूस." माधवीशी, श्रुतीशी ती नीट बोलायची, पण नावाने नाही. मला रोज पाव्हनं. कधीकधी आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी मला द्यायची. म्हणायची, "खावा, लांबून आलाव."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. वयाप्रमाणे आहे म्हणाले. उठताना मी त्यांना विचारलं, जे वर्षभरापूर्वी विचारायला हवं होतं. आईला विमानातून नेलं तर चालेल का?

ते म्हणाले, "न चालायला काय झालं? गोळ्या वेळेवर द्या. गेल्या वर्षीही चाललं असतं."

मार्च महिन्यात आम्ही चार तिकिटं काढली. विमानात आईची सीट मधली होती. ती उभीच राहिली आणि मला म्हणाली, "पाव्हनं, मना खिडकीशी बसू द्या. मागल्या खेपंला काय दिसला नाय." माधवीने माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या सीटवर सरकलो. आई चार तास काचेला कपाळ लावून बसली होती.

आम्ही मुद्दाम नोईलाच बोलावलं होतं. ती विमानतळावर पाटी घेऊन उभी होती. व्हीलचेअरवर आईला पाहिलं आणि तिने पाटी काखेत मारून दोन्ही हात जोडले. मग मला म्हणाली, "बरं झालं. सापडल्या."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी आई व्हीलचेअरवरून उतरली. मी हात धरायला गेलो, तिने धरू दिला नाही. गर्दीतून ती आमच्या पुढे चालत होती. डावीकडे वळली, छत्र्यांच्या दुकानावरून पुढे, मग कोपरा. मला स्वतःला तो रस्ता आठवत नव्हता. झाडाखालच्या कट्ट्यावर ती जाऊन बसली, जसं कोणी आपल्या जागेवर बसतं. पदराने तोंड पुसलं. आम्ही तिघं समोर उभे.

बऱ्याच वेळाने तिने वर पाहिलं.

"सदा," ती म्हणाली, "लय उशीर केलास रं."

दहा महिन्यांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं. मी तिथेच तिच्या पायाशी बसलो आणि बोलून टाकलं, "आई, डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं."

"ठावं हाय."

"कसं?"

"डाक्टरकडं गेला असतास तर कागद आनला असतास. तू कवा कागदाबिगर आलास?"

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. "तुमाला जायाचा होता ना. जा म्हटला. पन मना इथं ठेवून जायाला नको होतास." मग श्रुतीकडे वळली. "ह्या बाटलीत काय हाय गं लाल लाल? मना पन आन."

त्यानंतर ती अगदी पहिल्यासारखी आहे. मधल्या दहा महिन्यांबद्दल विचारलं तर एवढंच म्हणते, "बसले होते." आणखी विचारलं तर चिडते.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. श्रुतीने त्या ट्रिपमध्ये आजीला व्हिडिओ कॉल केले होते. हॉटेल दाखवलं होतं, जेवण दाखवलं होतं. ते झाड तिच्या फोनमध्ये कुठेही नाही. डॉक्टर म्हणतात, म्हातारपणी असे चढउतार होतात, जागा बदलली की कधी सुधारणाही होते. होत असेल. नोईला काय दिसलं, आईला तो कोपरा कसा माहीत, मला सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण मला जे छळतं ते याचं उत्तर मिळून सुटणारं नाही. तिने विश्वासाने स्वतःला माझ्या खिशात ठेवलं होतं, आणि रागाच्या भरात मी खिसा रिकामा केला.

आता आम्ही कुठेही जायचं तर चौघं जातो. परवा पनवेलच्या बाजारात गेलो, तेही चौघं. तुळशीच्या कुंडीत खड्याची जागा अजून मोकळी आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची झाली. कधीतरी आम्हाला तिघांनाच घरातून निघावं लागेल. त्या दिवशी खिशात काय ठेवायचं, ते मला माहीत नाही.